स्वखुशीने मागे घेतलेला अर्ज

मी एका बाईला खोटे सांगून निवडणुकीतून बाहेर काढले. नऊ वर्षे ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही, पत्नीलाही नाही. ज्या दिवशी ते खोटे बोललो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीच्या माझ्या महाविद्यालयात पहिल्या तासाला उभा राहिलो आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाला 'संमती' ही संकल्पना शिकवली. आवाज नेहमीसारखा स्थिर होता. फळ्यावरचे अक्षरही नेहमीसारखेच सरळ आले. खोटे बोललो याइतकाच हा तपशील मला टोचत आला आहे.

मी राज्यशास्त्र शिकवतो. आमच्याकडे हा विषय बहुतेक मुले आवडीने घेत नाहीत. काही जण स्पर्धा परीक्षेसाठी घेतात, काही दुसऱ्या विषयात जागा उरली नाही म्हणून येऊन बसतात. त्यांच्यासाठी मी एक उदाहरण तयार ठेवले होते. एस.टी.चा कंडक्टर 'मागे सरका' म्हणतो, तेव्हा माणसे सरकतात. आडरस्त्यावर कोणी चाकू दाखवून 'मागे सरका' म्हटले, तरी माणसे सरकतातच. सरकणे तेच असेल, तर मग फरक कुठे आहे? मुले विचार करू लागत. कोणी म्हणे, कंडक्टरचे आपण मान्य केलेले असते. मी म्हणे, बरोबर; चाकूवाल्याजवळ नुसती सत्ता आहे, कंडक्टरजवळ अधिमान्यता आहे, आणि ती आपल्या संमतीतून येते. सोपे उदाहरण होते. मुलांच्या लक्षात राही.

या उदाहरणात एक तिसरा माणूसही असायला हवा होता, हे मला फार उशिरा सुचले.

माझे गाव तेल्हाऱ्याहून पूर्णा नदीकडे उतरत गेले की लागते. सगळा खारपाणपट्टा. जमीन काळी आणि भारी आहे, पण तिच्या पोटातले पाणी खारट. बोअरचे पाणी तोंडात घेतले की जिभेवर तुरटीसारखा थर बसतो. आमच्या भागात मूत्रपिंडाच्या आजाराला कोणी त्याच्या नावाने ओळखत नाही. 'त्याले मशीनवर घेतलं' एवढे म्हटले की पुढचे सगळे कळते. धरणाचे गोडे पाणी तेव्हा गावच्या चौकापर्यंत आले होते. तिथून कोणत्या गल्लीत जायचे, हे ग्रामपंचायत ठरवणार होती.

त्या वर्षी दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला.

"गाव बिनविरोध करून राहिलो आपण," तो म्हणाला. "नऊपैकी आठ जागा जुळल्या. नवव्या जागेवर दोन अर्ज हायेत. एक तुह्या वहिनीचा, दुसरा खिचडीवालीचा. छाननीत दोन्ही मंजूर झाले. उद्या तीन वाजेपर्यंत मागं घ्याची मुदत हाय. तू ये."

"मी कशाला? तुम्ही सगळे आहात ना तिथे."

"आमी बोललो तं दबाव होते, प्रोफेसर. तू बोलला तं समजावणं होते."

दादा सातवीपर्यंत शिकलेला. पण सत्ता आणि अधिमान्यता यांच्यातला फरक त्याने माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलापेक्षा नेमका ओळखला होता. तेव्हा मला हसू आले आणि थोडा अभिमानही वाटला. गावाला माझी गरज होती. पंचवीस वर्षे पुस्तकातले राज्य शिकवल्यावर मला कोणीतरी खऱ्या राज्यकारभारात बोलावत होते. मी रजेचा अर्ज टाकला आणि अकोटमार्गे गावी गेलो.

ती जागा राखीव प्रवर्गातल्या स्त्रीसाठी होती. जिला गाव 'खिचडीवाली' म्हणे, ती शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. पाढे माझ्याआधी पाठ करायची. मग तिची शाळा सुटली आणि माझी चालू राहिली. ती आमच्याच जातीची, पण शेत नसलेल्या घरातली. नवरा गावच्याच जिनिंगमध्ये हमाल. गावाच्या उताराच्या बाजूला नाल्याकाठची गल्ली तिची. त्या वर्षी तिच्या नवऱ्याला अकोल्याला मशीनवर घेतले होते. आठवड्यातून दोनदा ती त्याला घेऊन जायची आणि परत येऊन शाळेची चूल पेटवायची. तिला निवडणुकीतून एकच गोष्ट हवी होती: चौकातली पाइपलाइन तिच्या गल्लीपर्यंत. ती हे घरोघर सांगत फिरत होती, आणि लोक तिचे ऐकू लागले होते.

त्या सकाळी मारुतीच्या पारावर गाव जमले होते. बिनविरोध निवडणुकीच्या बाजूने बोलणारे सगळेच लबाड होते असे मी म्हणणार नाही. मागच्या निवडणुकीत दोघांची डोकी फुटली होती, आणि चुलतभावांची दोन घरे एकमेकांच्या लग्नाला जाईनाशी झाली होती. एक म्हातारे कळवळून म्हणाले, "पाच-पाच वर्सं तोंड पाहत नाईत पोट्टे एकमेकायचं. कायले पायजे थे इलेक्शन?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. खोटे बोलण्यापूर्वी माणसाला असे एखादे खरे कारण फार उपयोगी पडते.

कोणीतरी म्हणाले, "तिनं निशाणी कोणती मांगितली, माहीत हाय का? नळ!"

"आज निशाणीत नळ, उद्या दारात नळ," दादा म्हणाला, आणि सगळा पार हसला.

हसला नाही तो एकटा किराणा दुकानवाला. गाव त्याला चाचा म्हणते. तो म्हणाला, "हसून काय राहिले भाऊ? पानीच तो माँग रही है बिचारी. लाइन दे दो, वो खुद फारम वापस ले लेगी. सरले बी अमरावतीहून बोलवावं लागलं नसतं."

"चाचा, तुमी दुकान पाहा," दादा म्हणाला. "एका गल्लीले लाइन देल्ली तं उद्या दर गल्ली एक-एक उमेदवार उभा करन. पंचायत चालवाची का नळ मोजाचे?"

पुन्हा हसू. चाचाने माझ्याकडे पाहिले. काहीतरी बोलण्याची ती वेळ होती. प्रतिनिधित्व म्हणजे काय, हे मी दर वर्षी तीन तास शिकवतो. ज्याच्या दारात पाणी नाही त्याने पाणी मागण्यासाठी उभे राहणे म्हणजेच प्रतिनिधित्व, एवढे एक वाक्य पुरले असते. मी चष्मा पुसला.

ती दादाच्या घरी आली. निरोप माझ्या नावाने गेला होता, म्हणूनच आली. धुतलेले पातळ, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. वहिनीने खुर्ची पुढे केली, तेव्हा तिच्या अगदी कडेला बसली. वहिनी चहा ठेवायला आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. दादा मुद्दामच घरात नव्हता.

"कधी आले, सर?" तिने विचारले. चौथीत ती मला नावाने हाक मारायची.

"सकाळीच. त्यांची तब्येत कशी आहे?"

"चालू हाय. पानी मोजून द्या म्हनते डाक्टर. मोजून देतो, पर चौकातला पंप बंद असला का थे बी खारंच." मग तिने पिशवी मांडीवर सरळ केली. "मले मालूम हाय, तुमाले कायले बोलावलं. मी नाई घेत मागं. तुमीच सांगा, माह्यं काही चुकलं काय?"

मी खुर्ची तिच्याकडे ओढली. सरळ विनंती केली तर ती ऐकणार नाही, हे दिसत होते. गावाची एकी, मागचे भांडण, हे सगळे तिला सांगून झाले होते. मी म्हणालो, "तुमची कागदपत्रे बघू."

तिच्या पिशवीत जातीचा दाखला होता. वैधता प्रमाणपत्र नव्हते. त्यासाठी अकोल्याच्या कार्यालयात अर्ज केल्याची पोचपावती होती. राखीव जागेवर उभे राहणाऱ्याला तेवढी पावती आणि एक हमीपत्र पुरते. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आणून द्यायचे. नाही आणले तर जागा जाते. तेवढेच. दुसरे काही होत नाही. मला हे पुरते ठाऊक होते, कारण वहिनीचेही प्रमाणपत्र आले नव्हते. तिच्याही अर्जाला तशीच पावती जोडली होती. मागच्या खेपेला गावी आलो तेव्हा मीच ती स्टेपल केली होती. दोघी त्या कार्यालयात एकाच दिवशी, एकाच रांगेत उभ्या होत्या.

मी पावती उलटसुलट पाहिली. मग म्हणालो, "यात धोका आहे."

"कोनता?"

"आज अर्ज मंजूर झाला, ते ठीक. पण निवडून आल्यावर हे प्रमाणपत्र वेळेत आले नाही, तर शासनाची फसवणूक केली असे धरतात. गुन्हा दाखल होतो."

"गुन्हा म्हंजे... पोलीस?"

"हो. आणि मुलीचे कागदही त्यात अडकतात. तुमचेच संशयात आले, तर तिला कोण देणार प्रमाणपत्र?"

तिची मुलगी तेव्हा बारावीत होती. नर्सिंगला जायचे म्हणत होती. मी हे मुलीचे वाक्य आधी ठरवले नव्हते. ते आपोआप आले, आणि तेच सर्वांत खोल गेले, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले. बोलता बोलता माणूस नेमकी जागा शोधतो. वर्गात हीच हातोटी मला उत्तम शिक्षक बनवते.

तिने पावती माझ्या हातून घेऊन पुन्हा पाहिली. मग म्हणाली, "बाकीचे सांगत होते थे मले दमदाटी वाटत होती. तुमी पोरायले शिकवता. तुमाले खोटं सांगून काय भेटते?"

मी तिचे बाकीचे कागद पिशवीत भरले. वहिनीने चहा आणून ठेवला. आतून उतू गेलेल्या चहाचा करपट वास येत होता, एवढे आठवते.

तहसील कार्यालयात आम्ही दुपारी एकच्या सुमारास पोहोचलो. दादाची गाडी, पुढे मी, मागे ती आणि वहिनी. अधिकारी नियमाने चालणारा माणूस होता. त्याने तिला अर्ज मागे घेण्याचा कागद वाचून दाखवला आणि विचारले, "बाई, तुम्ही हा अर्ज स्वखुशीने मागे घेता ना? कोणाचा दबाव, काही आमिष?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

"हो, साहेब. स्वखुशीनं."

मग तिने सही केली. अक्षर जोडत, सावकाश, पूर्ण नाव, वडिलांच्या घरी शिकलेल्या वळणात. बाहेर आल्यावर आमच्या लोकांनी गुलाल उधळला. ती गाडीत बसली नाही. "मले औषधी घ्याची हाय, मी येतो बसनं," म्हणाली आणि स्टँडकडे चालू लागली. तिच्या पाठीवरही थोडा गुलाल पडला होता. तिला ते माहीत नसावे.

आता मी त्या तिसऱ्या माणसाबद्दल सांगतो. तो रस्त्यात उभा असतो. त्याच्याजवळ चाकू नसतो आणि तिकिटाचे यंत्रही नसते. तो ओळखीचा असतो. तो म्हणतो, पुढे खड्डा आहे, मागे सरका. खड्डा नसतो. माणूस त्याचे ऐकून मागे सरकतो आणि वर आभार मानतो. कोणी विचारले तर शपथेवर सांगतो की मी माझ्या खुशीने सरकलो. चाकूवाल्यापुढे निदान माणसाला कळते की आपल्यावर जबरदस्ती झाली. इथे तेही कळू दिले जात नाही. तिची संमती घेतली असे मी म्हणू शकत नाही. संमती देणारे जे काही माणसाच्या आत असते, तेच मी तिच्या हातून काढून घेतले.

गाव बिनविरोध झाले. शासनाकडून त्याबद्दल जे बक्षीस मिळाले, त्यातून वेशीवर कमान उभी राहिली. मी एका दैनिकात लेख लिहिला. एकमताने चालणारे गाव ही पाश्चात्य निवडणूकपद्धतीहून प्रगल्भ व्यवस्था आहे, असे त्यात म्हटले. महाविद्यालयाने शाल-श्रीफळ दिले. त्याच वर्षी पातूरकडून आलेली एक मुलगी वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मतदानच झालं नाही तर लोकांनी संमती दिली कधी?"

"कोणी विरोध केला नाही, हीच संमती. तिला मूक संमती म्हणतात," मी म्हणालो.

"पण कोणी विरोध का केला नाही, हे कसं कळणार?"

तास संपत आला होता. मी तिला चांगला प्रश्न आहे असे सांगून बसवले.

वहिनी पाच वर्षे सदस्य होती. सभेचे हजेरी रजिस्टर घरी येई, ती भाकरीचे हात पुसून सही करी, रजिस्टर परत जाई. सभेला दादा बसे. पाइपलाइनचे काम निघाले, तेव्हा तिने एकदा विचारले म्हणे, "त्या नाल्याकडच्या गल्लीचं काय?" दादा म्हणाला, "पुढच्या टप्प्यात." पुढचा टप्पा आला नाही. लाइन आमच्या दारापर्यंत आली, नाल्याकाठची गल्ली बोअरवर राहिली.

दुसऱ्या उन्हाळ्यात नाल्याकाठच्या त्या बाईचा नवरा गेला. मूत्रपिंडे आधीच गेलेली होती. दारात नळ असता तर तो वाचला असता असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. मी या वाक्याचा आसरा पुष्कळ दिवस घेतला. पण तो असेपर्यंत ती रोज भल्या सकाळी चौकातून वीस लिटरचा डबा डोक्यावर आणत होती, आणि पंप बंद असेल त्या दिवशी मोजून खारेच देत होती, हेही तितकेच खरे आहे.

मी भेटायला गेलो. पत्र्याच्या दोन खोल्या, भिंतीशी त्याची हमालीची पट्टी अजून टांगलेली. तिने स्टीलच्या ग्लासात पाणी दिले. मी ग्लास हातात धरून बसलो, तशी ती म्हणाली, "घ्या ना सर. गोडं हाय. तुमी येनार म्हून चौकातून आनलं."

मी प्यालो.

मुलगी दिसली नाही, म्हणून विचारले. "अकोटले हाय, साडीच्या दुकानात," ती म्हणाली. "नर्सिंगचं म्हनत होती. त्याले थे वैधतेचा कागद लागते. अकोल्याहून पत्र आलं होतं मले, आखीन कागद आना म्हून. मी नाई गेली. पोरीले बी म्हटलं, त्या कागदाच्या नादी लागू नको. एक डाव पोलिसाच्या तावडीतून वाचलो आपन." मग माझ्याकडे पाहून, डोळे भरलेले असतानाही, किंचित हसली. "तुमी टायमावर सांगतलं म्हून. नाई तं मले कोनं सांगतलं असतं इतकं?"

तोपर्यंत मी समजत होतो की माझे खोटे एका दुपारपुरते होते. त्या दिवशी कळले की ते त्या घरात राहायला आले होते. ते रोज त्या मुलीच्या आणि तिच्या पुस्तकांच्या मध्ये उभे होते. एक वाक्य बोलून मी ते तिथल्या तिथे संपवू शकलो असतो. मुलीचे वय अजून गेले नव्हते. मी ग्लास खाली ठेवला, काळजी घ्या म्हणालो, आणि उठलो. अर्ज मागे घेण्याच्या दिवशीच्या खोट्याला निदान गावाचे कारण होते. या गप्प बसण्याला फक्त माझी लाज कारण होती. मला माझा हा दुसरा गुन्हा अधिक मोठा वाटतो.

त्यानंतर मी गावी कमी जाऊ लागलो. वर्गात कंडक्टरचे उदाहरण देणे थांबवले आणि पुस्तकातली व्याख्या सांगू लागलो. मुलांना फरक जाणवला नाही. दर वर्षी अकोटवरून जाताना बाजारातली साड्यांची दुकाने दिसत, आणि मी मोबाइल काढून काहीतरी वाचत असे.

गेल्या दिवाळीला वहिनीने आवराआवरीत सापडलेली एक फाइल माझ्यासमोर ठेवली. तिच्या उमेदवारी अर्जाची प्रत. मागे पावती, माझ्या स्टेपलसकट, पिन गंजलेली.

"भाऊजी, हे पाहा," ती म्हणाली. "माही पावती. तिची बी अशीच होती ना?"

मी फाइल मिटू लागलो.

"मी दारातच उभी होती त्या दिवशी. चहा उतू गेला तरी हालली नाई. तुमी तिले पोलीस सांगतलं, अन् मले कोनं पोलीस सांगतला नाई."

"वहिनी, तुम्ही तेव्हाच बोलला असता..."

"मी?" ती हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हते. "मले कोनं इचारलं होतं उभं राह्याचं का म्हून? तिले बसवलं, मले उभं केलं. दोघीच्या बी सह्या स्वखुशीनंच हायेत. पाच वर्सं मी मेंबर होती, भाऊजी, सभेत एक शब्द बोलली नाई. थे बोलली असती."

मी म्हणालो, मी तिच्या घरी जाऊन सांगतो.

"घरी नोका जाऊ. घरी सांगसान तं थे तुमाले चहा करून देईन अन् तुमाले बरं वाटन. गुलाल चौघात उधळला होता. चौघातच सांगा."

म्हणून या वर्षी महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला मी गेलो. सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. सकाळी नऊलाच ऊन तापले होते. पुढे खुर्च्यांवर दादा आणि त्याच्या वयाचे लोक, खाली सतरंजीवर बाकीचे, शेवटी खांबापाशी बायका. ती तिथेच होती, शाळेच्या चुलीजवळच्या दाराशी, आता केस पांढरे झालेले. ग्रामसेवकाने विषय वाचले: घरपट्टी, गटारे, नाल्याकाठच्या गल्लीची पाइपलाइन पुढील टप्प्यात घेणेबाबत. सगळे हात वर झाले. मग त्याने विचारले, "आयत्या वेळचा कोणता विषय?"

मी उभा राहिलो.

ग्रामसेवक तरुण होता, मला ओळखत नव्हता. त्याने यादी चाळली. "सर, तुमचं नाव इथल्या मतदार यादीत नाही. सभेत बोलता येणार नाही."

तो बरोबर होता. मी अमरावतीचा मतदार. ज्या गावाच्या निवडणुकीत मी हात घातला, तिथे मला मत देण्याचाही हक्क नव्हता. हे मी आधी कधी ध्यानातच घेतले नव्हते.

"बस ना खाली," दादा मान न वळवता म्हणाला. "काय सांगाचं थे घरी सांग."

तेवढ्यात मागून आवाज आला. तिचा होता. "बोलू द्या ना सरले. येवढ्या दुरून आले तं काही कामाचंच सांगतीन."

सरपंच म्हणाले, बोला.

मी घरून दोन पाने लिहून आणली होती, प्रमाण मराठीत, क्रमवार. ती खिशातच राहू दिली. त्या भाषेत मी तिला एकदा फसवले होते. मी पुढच्या खुर्च्यांकडे पाठ केली आणि खांबाकडे तोंड करून, लहानपणी ज्या बोलीत तिच्याशी बोलत असे त्या बोलीत बोललो.

"ताई, नऊ वर्सांआधी मी तुमाले सांगतलं होतं का निवडून आल्यावर परमानपत्र नाई आलं तं गुन्हा दाखल होते, अन् पोरीचे कागद अडकते. थे खोटं होतं. मले तवाच मालूम होतं का खोटं हाय. माह्या वहिनीची पावती बी तुमच्यासारखीच होती, म्याच लावली होती तिच्या अर्जाले. तुमच्यावर कोनताच गुन्हा होनार नव्हता. आज बी नाई. पोरीले कागद भेटला असता. तुमी जे सोडलं, तिनं जे सोडलं, थे माह्या बोलन्यानं सोडलं. तुमच्या घरी गोडं पानी पेलो, तुमी माहे आभार मानले, तवा बी मी चूप राहिलो. मले तुमाले काही मांगाचा हक्क नाई. तरी, ताई, मी तुमची माफी मांगतो. तुमच्या पोरीची मांगतो. सगया गावासमोर मांगतो."